'धाव' की 'घाव'? विचारा तुमच्या स्क्रीनला!

'मदतीला घावले सिनिअर!'

आमच्या डिपार्टमेंटच्या लॅब जर्नलच्या पान तीनवर, चौकटीच्या डोक्यावर, ठळक अक्षरांत हे छापून आलं. बातमी साधी होती. परीक्षेच्या तोंडावर आजारी पडलेल्या फर्स्ट इयरच्या एका मुलीला सिनिअर्सनी आळीपाळीने नोट्स वाचून दाखवल्या. लिहायचं होतं 'धावले', छापलं गेलं 'घावले'. गावाकडची बोली ज्याच्या कानावर आहे, त्याला 'घावला' म्हणजे 'सापडला' हे वेगळं सांगायला नको. म्हणजे अर्थ असा निघाला की हे सिनिअर कुठेतरी दडी मारून बसले होते आणि शेवटी हाती लागले. बिचाऱ्यांना पुढचे दोन आठवडे कॅन्टीनमध्ये 'काय, घावलात का?' ऐकून घ्यावं लागलं.

पान मी लावलं होतं. प्रूफही मीच वाचलं होतं. एकदा नाही, तीनदा.

चूक टायपिंगची होती हे कबूल. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'घ' आणि 'ध' शेजारी शेजारी राहतात, दोघांनाही शिफ्ट लागतं, बोट एक घर सरकलं की काम झालं. पण तीन वेळा वाचूनही ते दिसलं का नाही, हा प्रश्न मला झोपू देईना. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "झूम करायला पैसे पडतात का?" उत्तर बिनतोड होतं. तरी मी जरा हट्टाला पेटले आणि लॅबमधल्या त्या मॉनिटरसमोर पट्टी घेऊन बसले.

आमच्या लॅबमधले मॉनिटर साडेअठरा इंचांचे आहेत. त्यांचं रिझोल्युशन १३६६ बाय ७६८, म्हणजे आडवे १३६६ ठिपके आणि उभे ७६८. वरचे-खालचे मेन्यू वगळले तर पानासाठी उंचीला साधारण ६५० ठिपके उरतात. टॅब्लॉइड आकाराचं आमचं पान जवळपास ४० सेंटिमीटर उंच. अख्खं पान स्क्रीनवर बसवलं की एका सेंटिमीटरच्या वाट्याला सोळा पिक्सेल येतात. १४ पॉइंटचं उपशीर्षक म्हणजे पाच मिलिमीटर, म्हणजे आठ पिक्सेल. या आठ पिक्सेलमध्ये वरची मात्रा, शिरोरेषा, मधलं अक्षर आणि खालचा उकार असा सगळा संसार थाटायचा! मूळ अक्षराला त्यातले चार-पाच मिळतात. 'ध' आणि 'घ' मधला फरक काय, तर 'ध'च्या डोक्यावरची रेषा तुटलेली असते आणि तिथे एक बारीकसा वळसा असतो. तो वळसा दाखवायला त्या पडद्याकडे ठिपकाच शिल्लक नव्हता. 'भ' आणि 'म'चंही तेच. 'कु' आणि 'कृ'चंही तेच. अनुस्वाराचं तर विचारूच नका, तो कधी असतो, कधी धूळ असते.

(पुसून बघितलं. धूळच होती.)

तर मुद्दा असा की आपण ज्या गोष्टीकडे दिवसातले आठ-दहा तास टक लावून बघतो, ती विकत घेताना तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. आणि मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना हे जास्त महागात पडतं. इंग्रजी अक्षरं आडवी पसरतात. त्यातली बरीचशी कमी ठिपक्यांतही ओळखू येतात. आपली लिपी उभी रचली जाते, वर वेलांटी-रफार, खाली रकार-उकार, मध्ये जोडाक्षर. 'राष्ट्रीय' हा शब्द दहा पॉइंटमध्ये कुठल्याही स्वस्त स्क्रीनवर बघा आणि मग सांगा, तुम्ही तो वाचला की अंदाजाने ओळखला.

आता आपण लॅपटॉप कसा घेतो ते आठवा. बारावीनंतर किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला घरात मीटिंग बसते. बाबा बजेट सांगतात. मग कुणाचा तरी इंजिनीअरिंगवाला भाऊ किंवा मित्र 'एक्स्पर्ट' म्हणून बोलावला जातो. आमच्याकडेही आला होता. प्रोसेसर कुठला, कितव्या पिढीचा, रॅम आठ की सोळा, एसएसडी किती, ग्राफिक कार्ड आहे का, यावर तो पाऊण तास बोलला. स्क्रीनबद्दल बोलला एकच वाक्य: "फिफ्टीन पॉइंट सिक्स, फुल एचडी, मस्त आहे." आई तेवढी म्हणाली होती, "जरा फिकट दिसतोय गं." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तीन वर्षांनी सांगते, त्या पूर्ण खोलीत एकटी आई बरोबर होती.

त्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात अगदी खाली, बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं होतं. हे काय असतं, हे मला फोटो-जर्नालिझमच्या सबमिशनला कळलं. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकन रंगीत टीव्हीचं मोजमाप. त्या मापाने ७२ टक्के रंग दाखवणारा पडदा आजच्या इंटरनेटवरचे, म्हणजे एसआरजीबी नावाच्या मापातले, जवळपास सगळे रंग दाखवतो. ४५ टक्केवाला त्यातले ढोबळमानाने दोन तृतीयांशापेक्षा थोडे कमीच. बाकीचे रंग फाइलमध्ये असतात, पण तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत. मी विसर्जन मिरवणुकीचे फोटो एडिट करत होते. गुलाल काही केल्या गुलालासारखा दिसेना, विटकरी दिसत होता. मग मी सॅच्युरेशन वाढवलं. अजून वाढवलं. माझ्या स्क्रीनवर तो छान गुलाबी दिसल्यावर सबमिट केलं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांनी आपापल्या फोनवर फोटो उघडले, तर माणसांचे चेहरे भाजल्यासारखे लालभडक आणि गुलाल डोळ्यांत जाईल असा. चूक फोटोची नव्हती, कॅमेऱ्याची नव्हती. माझ्या स्क्रीनने माझ्याशी खोटं बोललं होतं आणि मी तिच्यावर विश्वास ठेवून फोटो बिघडवला होता.

यात गंमत बघा. वर्गातल्या ज्या मुलांनी हसून घेतलं, त्यांच्या हातातले फोन पंधरा-अठरा हजारांचे. त्यांच्यावर अमोलेड स्क्रीन. साडेसहा इंचांत १०८० बाय २४०० पिक्सेल, म्हणजे इंचाला चारशेच्या वर. लॅपटॉपवर तेच १४० च्या आसपास आणि आमच्या लॅबमध्ये ८५. घरातली सगळ्यात चांगली स्क्रीन आपण रील्स बघायला वापरतो आणि सगळ्यात वाईट स्क्रीनवर प्रोजेक्ट लिहितो. फोनवर मराठी इतकं सुबक का दिसतं, याचं कोडं मला तेव्हा सुटलं.

गेल्या दिवाळीत इंटर्नशिपचं पहिलं मानधन साठलं तेव्हा ठरवलं, घरी एक वेगळा मॉनिटर घ्यायचाच. ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर गेले. हा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा बघाच. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते टॅक्सीवाल्याला, दुकानदाराला, कुणालाच सांगून उपयोग नाही. खोक्यांवर खोकी, केबलचे भेंडोळे, आणि प्रत्येक दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले, सगळ्यांवर तेच ते पोपट आणि कोरल रीफचे व्हिडिओ. हे व्हिडिओ मुद्दाम असे बनवलेले असतात की कुठलीही स्क्रीन गोड दिसावी. मी पेनड्राइव्हवर आमच्या लॅब जर्नलची पीडीएफ नेली होती. हो, तीच 'घावले'वाली. एका दुकानातल्या काकांना म्हटलं, "काका, हे लावून दाखवाल?" त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे बघितलं. "न्यूजपेपर? पोपट नको?" "नको." लावलं त्यांनी. आणि मग एकाच पानाने भिंतीवरच्या मॉनिटरांचे मुखवटे उतरवले.

सगळ्यात स्वस्त होता टीएन पॅनेलचा. ट्विस्टेड नेमॅटिक. १९७०-७१ मधल्या शोधावर उभं असलेलं हे तंत्र. लिक्विड क्रिस्टलचे रेणू पीळ घालून बसलेले असतात, वीज दिली की पीळ सुटतो आणि मागून येणारा प्रकाश अडतो. (एलसीडी स्वतः उजेड देत नाही, मागे लावलेला दिवा अडवते किंवा सोडते, एवढंच तिचं काम. खिडकीवरच्या पट्ट्यांच्या पडद्यासारखं.) टीएनचं कौतुक करायचं तर तो स्वस्त आहे आणि चपळ आहे, म्हणून बरीच वर्षं गेमर्सचा लाडका होता. पण समोरून हललात की गेला. खालून बघितलं तर रंग उलटे होतात, वरून बघितलं तर फिकट पडतात. दोघांनी शेजारी बसून एक पान बघायचं म्हटलं तर दोघांना दोन वेगळी पानं दिसतात. ग्रुप प्रोजेक्टमधली निम्मी भांडणं यामुळे होत असावीत, असा माझा संशय आहे.

आयपीएस पॅनेल शेजारीच होता. यात रेणू पडद्याला समांतर फिरतात, त्यामुळे बाजूने बघितलं तरी रंग फारसे ढळत नाहीत. वाचायला, फोटोला, पान लावायला हाच बरा. कमजोरी काळ्या रंगात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट बहुतेक वेळा हजारास एकच्या आसपास असतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघाल तर काळं हे काळं दिसत नाही, राखाडी दिसतं, आणि कोपऱ्यांत उजेड झिरपल्यासारखा वाटतो. तिसरा व्हीए. त्याचा कॉन्ट्रास्ट तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त, काळा रंग झकास, पण गडद दृश्यात काही हललं की मागे शेपूट सुटल्यासारखं दिसतं. बहुतेक वळलेले, म्हणजे कर्व्ह्ड मॉनिटर याच जातीचे. पान लावायला मला ते वळण अजिबात नको. कॉलमची सरळ रेषा सरळ आहे की नाही हेच कळेनासं होतं.

काकांनी मग सत्तावीस इंचांचा पुढे केला. "मोठा घे ना, अक्षर मोठं दिसेल." इथे माझी पट्टी कामाला आली. तो सत्तावीस इंची पण फुल एचडीच होता. ठिपके तेवढेच, १९२० बाय १०८०, फक्त जास्त जागेवर पसरलेले. चोवीस इंचात इंचाला ९२ ठिपके येतात, सत्तावीसमध्ये ८२. म्हणजे आमच्या लॅबच्या मॉनिटरपेक्षाही कमी! अक्षर मोठं दिसतं हे खरं, पण स्पष्ट दिसत नाही, नुसतं ढोबळ होतं. लांब बसलात तर चालून जाईल, पण होस्टेलच्या टेबलावर लांब बसणार कुठे? सत्तावीस घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा घ्यावा, त्यात १०९ येतात. त्याची किंमत ऐकून मी विषय बदलला.

ओलेडचे मॉनिटरही होते, काचेच्या कपाटातल्या दागिन्यांसारखे. ओलेडचा शोधही मजेशीर ठिकाणी लागला. १९८७ मध्ये, कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत, चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी. यात मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. म्हणून काळा म्हणजे खरोखर काळा. सिनेमा बघायला याच्या जवळपास कुणी येत नाही, हे मी मान्य करते. पण माझ्यासारखीने तो का घेऊ नये याला दोन कारणं आहेत. एक, बऱ्याच ओलेड मॉनिटरमध्ये लाल-हिरवा-निळा हे उपठिपके नेहमीच्या उभ्या ओळीत नसतात, वेगळ्या रचनेत असतात. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची विंडोजची पद्धत ती नेहमीची ओळ धरून चालते. त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडेला हिरवट-गुलाबी झालर दिसते. साठ-सत्तर हजार मोजून झालर! दुसरं कारण बर्न-इन. एकच चित्र तासन्‌तास एकाच जागी राहिलं की ते ठिपके लवकर म्हातारे होतात आणि त्याची सावली कायमची उरते. मी दिवसभर तेच सॉफ्टवेअर, तीच टूलबार, तोच टास्कबार उघडा ठेवते. टीव्ही न्यूजरूममध्ये तर खालची लाल ब्रेकिंग पट्टी चोवीस तास. बातमी संपेल, पट्टी राहील.

हा जुना आजार आहे बरं का. आपल्या लहानपणी घराघरांत होता तो डब्बा टीव्ही, सीआरटी, त्यालाही तो व्हायचा. स्क्रीनसेव्हर नावाचा प्रकार जन्माला आला तो यासाठीच. फिरणारे पाइप आणि उडणाऱ्या खिडक्या ही शोभा नव्हती, औषध होतं. सीआरटीची मूळ नळी १८९७ ची, कार्ल फर्डिनांड ब्राउनची. आमच्या आजीकडे तो टीव्ही मी शाळेत जाईपर्यंत होता, वर क्रोशाचं कव्हर, त्यावर फुलदाणी. बंद केल्यावर काचेजवळ हात नेला की अंगावरचे केस उभे राहायचे. आज नावं ठेवतो आपण त्याला, पण काळा रंग, कुठल्याही कोनातून सारखं दिसणं आणि धावणारं चित्र न फरफटणं, या तीन गोष्टींत तो पुढची कित्येक वर्षं एलसीडीला हार गेला नव्हता. गेला तो वजनामुळे, जागेमुळे, वीजबिलामुळे आणि डोळ्यांवर येणाऱ्या लुकलुकीमुळे. सांगायचं एवढंच की पडद्याच्या बाबतीत नवीन आलं म्हणजे जुन्याच्या सगळ्या गोष्टी त्यात आल्या, असं कधीच झालेलं नाही. प्रत्येक वेळी काहीतरी देऊन काहीतरी घेतलंय.

पण जाहिरात हे सांगत नाही. जाहिरात सांगते आकडे. १४४ हर्ट्झ! १६५ हर्ट्झ! एक मिलिसेकंद! एचडीआर! खोक्यावर हे एवढं मोठं असतं की पॅनेल कुठलं ते शोधायला खोकं उलटं करावं लागतं. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र काढतो ते. साठ हर्ट्झला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद राहतं, १४४ ला सुमारे ७. शूटिंगचे गेम खेळणाऱ्यांना हा फरक जाणवतो, आणि माऊस हलवताना मलाही जाणवला, खोटं कशाला बोलू. पण वर्डमध्ये असाइनमेंट लिहिताना तुमचं वाक्य १४४ हर्ट्झने सुचत नाही. 'एक मिलिसेकंद'ही बहुतेक वेळा सगळ्यात सोयीच्या मापाने मोजलेलं असतं. आणि एचडीआर तर खास. अडीचशे निट्सच्या साध्या मॉनिटरवर 'एचडीआर सपोर्ट'चं स्टिकर दिसलं, तर त्याचा अर्थ तो एचडीआरचा सिग्नल ओळखतो, एवढाच. दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे नाही. व्हेसा या संस्थेची अधिकृत डिस्प्लेएचडीआर श्रेणी सुरूच होते ४०० निट्सपासून.

गेमिंगवाल्या मित्रांचा राग येईल, येऊ दे. माझं म्हणणं असं आहे की कॉलेजच्या वयात, आईबाबांच्या पैशात, आपण गेमरसाठी बनवलेली स्क्रीन घेतो आणि काम कारकुनाचं करतो. त्यापेक्षा तोच पैसा दाट पिक्सेल, आयपीएस आणि उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड यावर घालावा. स्टँड ही कुणाच्याही रिव्ह्यूमध्ये शेवटी येणारी गोष्ट, पण मान तुमचीच आहे. मी दोन वर्षं मॉनिटरखाली एमपीएससीची जाडी पुस्तकं ठेवलेली बघितलीयेत, माझ्या रूममेटची. तिचा तो त्या पुस्तकांचा एकमेव उपयोग होता असं ती स्वतःच सांगते.

डोळ्यांचं थोडक्यात. स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे होतात, चुरचुरतात. यावर चष्म्याच्या दुकानात 'ब्लू कट' काच गळ्यात मारली जाते, माझ्याही मारली. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आतापर्यंतच्या चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा की स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा अशा काचेने साध्या काचेपेक्षा कमी होत असल्याचं दिसत नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही कॉम्प्युटरसाठी असा चष्मा सुचवत नाही. त्यापेक्षा ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाला जुळवा, खिडकी पाठीमागे घेऊ नका (तिचं प्रतिबिंब पडद्यात पडतं), वीस मिनिटांनी लांब कुठेतरी बघा. आणि ब्राइटनेस अगदी कमी केल्यावरच डोकं दुखत असेल तर संशय पडद्यावर घ्या. काही पडदे उजेड कमी करायला दिवा झपाट्याने चालू-बंद करतात. ते डोळ्याला कळत नाही, पण काहींच्या डोक्याला कळतं. फोनचा कॅमेरा शटर वेगवान करून स्क्रीनवर रोखला की सरकणारे काळे पट्टे दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण ज्याच्याकडे एकच लॅपटॉप घ्यायचे पैसे आहेत, किंवा तेही नाहीत, त्याने काय करायचं? हा प्रश्न खरा आहे. आमच्या वर्गातली तीन-चार मुलं अख्खे रिपोर्ट फोनवर लिहितात, अंगठ्याने. आणि गंमत म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या कमी असतात, माझ्यापेक्षा तर नक्कीच. त्यांना 'आयपीएस घे' सांगणारी मी कोण! म्हणून माझी तक्रार विद्यार्थ्यांपेक्षा कॉलेजांशी जास्त आहे. ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही, तो लॅबमध्येच बसतो. आणि लॅबसाठी कोटेशन मागवताना प्रोसेसर लिहिला जातो, रॅम लिहिली जाते, मॉनिटरच्या पुढे फक्त इंच लिहिले जातात. जो सगळ्यात कमी भाव देईल त्याचा माल येतो. मग पत्रकारिता शिकवणाऱ्या लॅबमध्ये 'ध' आणि 'घ' एक दिसतात आणि फोटोग्राफी शिकवणाऱ्या लॅबमध्ये गुलाल विटकरी दिसतो. सगळे मॉनिटर बदला असं मी म्हणत नाही. पान तपासायला दोन चांगले ठेवा, फोटोला एक. दहा हजारांच्या आसपास चोवीस इंची आयपीएस मिळतो, मी भाव काढून आलेय.

मी शेवटी काय घेतलं? ऑफिसमधून निघालेला सेकंडहँड चोवीस इंची आयपीएस, फुल एचडी, एका कोपऱ्यात एक मेलेला पिक्सेल. घासाघीस करून पाच हजारांच्या आत. तो पिक्सेल मी दुकानातच पांढरं पान लावून शोधला आणि काकांकडून त्याचे तीनशे रुपये कमी करून घेतले. "तू शिकून आलीस," काका म्हणाले. नवीन घेणार असाल तर किती ठिपके मेले तर बदलून मिळेल हे आधी विचारून ठेवा, एकासाठी बऱ्याच कंपन्या बदलून देत नाहीत. आणि पोपट बंद करायला सांगा. आपल्या भाषेतलं दाट पान लावा, रफार-रकार बघा, मग खुर्चीवरून थोडं खाली वाकून बघा.

लॅबमधल्या दोन मॉनिटरांसाठी मी डिपार्टमेंटला रीतसर अर्ज केलाय. पट्टीने मोजलेले आकडे, 'धावले-घावले'चा फोटो, सगळं जोडून, पीडीएफ करून ईमेलने पाठवला. आठ दिवस उत्तर नाही. म्हणून ऑफिसात जाऊन विचारलं. तिथले काका स्क्रीनजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "असं कर ना, प्रिंट काढून आण. यावर काय लिहिलंय ते नीट दिसत नाही."

प्रिंट दिलीये. चार रुपये झाले.